ट्राम चुकविणाऱ्यांचें मैदान

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहरीं एखादा प्रवासी आगगाडीनें उतरला, आणि त्याच्या खिशांत त्या दिवशींच्या बेसबॉलच्या सामन्याचें तिकीट असलें, तर आपला प्रवास आतां संपला अशीच त्याची समजूत होईल. नकाशावर पाहिलें तर युनियन स्टेशनापासून डॉजर स्टेडियम अवघें दीड-दोन मैल. एवढ्या अंतरासाठीं आपल्याकडे कोणी शिदोरी बांधून निघत नाहीं. परंतु या दीड-दोन मैलांत आगगाडीचा फांटा नाहीं कीं ट्रामचा रूळ नाहीं. मध्यें रुंद मोटारमार्ग आडवे गेलेले. आणि मैदान एका टेकडीवर, चोहों बाजूंनीं मोटारी उभ्या करण्याच्या डांबरी पटांगणानें वेढलेलें. सामन्याच्या दिवशीं स्टेशनावरून एक बस सुटते. तिचा आसरा घेतला नाहीं तर चढ पायीं चढावयाचा, किंवा भाड्याची मोटार करून हजारों मोटारींच्या रांगेंत सामील व्हावयाचें.

श्रोते हो, जेथें पन्नास हजारांवर माणसें एका वेळीं जमावयाचीं, तेथपर्यंत रूळ जाऊं नये हें घडलें कसें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रश्न खेळाचा दिसला तरी उत्तर इतिहासाचें आहे, आणि तें समजण्यास प्रथम अडीच हजार मैल पूर्वेस, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत जावें लागतें.

बेसबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा रुजलेला नाहीं. गोल दांड्यानें चेंडू टोलवावयाचा आणि चार ठाण्यांची फेरी पुरी करून धांव मिळवावयाची, इतकें ध्यानांत ठेवलें म्हणजे आजच्यापुरतें पुरे. १८९० नंतरच्या वर्षांत ब्रुकलिनच्या रस्त्यांवर घोड्यांच्या ट्रामऐवजीं विजेच्या ट्रामगाड्या धांवूं लागल्या. घोड्याच्या चालीची संवय झालेल्या पादचाऱ्यांना हा वेग नवा होता. अपघात वरचेवर होत. जीव मुठींत धरून रस्ता ओलांडणाऱ्या ब्रुकलिनकरांना ‘ट्रॉली डॉजर्स’, म्हणजे ट्राम चुकविणारे, असें लोक थट्टेनें म्हणूं लागले. तेंच नांव १८९५ च्या सुमारास तेथील बेसबॉलच्या संघास चिकटलें. मधल्या काळांत त्या संघानें दुसरींहि नांवें धारण केलीं. पण शेवटीं टिकलें तें हेंच, आणि त्यांतील ट्राम गळून ‘डॉजर्स’ एवढें राहिलें.

या संघाचें १९१३ सालीं उघडलेलें एबेट्स फील्ड हें मैदान दाट वस्तीच्या मधोमध होतें. तेथें सुमारें ३२ हजार माणसें बसत, आणि मोटारी उभ्या करण्यास जागा होती ती अवघ्या ७०० मोटारींपुरती. पुष्कळ वर्षें कोणास तिची उणीव भासली नाहीं. कारण प्रेक्षक ट्रामनें, भुयारी रेल्वेनें किंवा पायीं येत. याच मैदानावर १९४७ च्या एप्रिल महिन्यांत जॅकी रॉबिन्सन हा निग्रो वंशाचा खेळाडू डॉजर्सकडून उतरला, आणि धंदेवाईक बेसबॉलच्या वरच्या वर्गांत त्या शतकांत उभी असलेली वर्णभेदाची भिंत प्रथम ढांसळली. १९५५ सालीं संघानें सर्वोच्च अजिंक्यपदहि मिळविलें. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रुकलिनमधील पुष्कळशीं कुटुंबें लाँग आयलंडच्या उपनगरांत राहावयास गेलीं. त्यांनीं मोटारी घेतल्या. आणि जुन्या मैदानाकडे त्यांचीं पावलें वळेनाशीं झालीं.

संघाचे मालक वॉल्टर ओ'मॅली हे शिक्षणानें वकील. त्यांना नवें मैदान हवें होतें. आणि तें कोठें? अटलांटिक व फ्लॅटबुश या दोन हमरस्त्यांच्या नाक्यावर, लाँग आयलंड रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनालगत. ही गोष्ट बहुधा विसरली जाते म्हणून मुद्दाम सांगतों. ज्या गृहस्थांनीं पुढें मोटारवाल्यांसाठीं नमुनेदार मैदान बांधलें, त्यांची पहिली मागणी रेल्वे स्टेशनाशेजारच्या जागेची होती. बांधकाम स्वखर्चानें करण्यास ते तयार होते. तेथील लहान लहान मालमत्ता सक्तीनें घेऊन सरकारनें जागा तेवढी मोकळी करून द्यावी, असें त्यांचें म्हणणें. न्यूयॉर्कच्या बांधकामांवर ज्यांची त्या काळीं अनियंत्रित सत्ता चाले त्या रॉबर्ट मोझेस यांनीं ती मागणी फेटाळली. खाजगी धंद्याच्या मैदानासाठीं लोकांच्या जागा घेणें हें सार्वजनिक कार्य होत नाहीं, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांनीं क्वीन्स भागांतील दुसरी जागा पुढें केली. ती ब्रुकलिनबाहेरची म्हणून ओ'मॅलींनीं नाकारली. ‘सार्वजनिक कार्य’ हा शब्द श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावा. तो पुन्हां येणार आहे.

२४ सप्टेंबर १९५७ रोजीं एबेट्स फील्डवर डॉजर्सचा शेवटचा सामना झाला, तेव्हां प्रेक्षक होते ६,७०२. पुढच्याच महिन्यांत संघ लॉस एंजेलिसला जाणार असें जाहीर झालें. ट्राम चुकविणाऱ्यांचें नांव घेऊन तो अशा शहरीं गेला, कीं जें त्याच सुमारास आपल्या ट्रामगाड्या मोडींत काढीत होतें.

मोटारीनें लॉस एंजेलिस पसरविलें, असा समज सर्वत्र आहे. मला तो उलटा वाटतो. शहर पसरविलें तें विजेच्या गाडीनें. मोटारीनें मधल्या मोकळ्या जागा भरून काढल्या. १७८१ सालीं स्पॅनिश अंमलांत वसलेलें हें गांव शंभर वर्षांनंतरहि अकरा हजार वस्तीचेंच होतें. १८७६ सालीं सदर्न पॅसिफिक रेल्वे आणि पुढें दहा वर्षांच्या आंत सांता फे रेल्वे तेथें पोंचली. दोहोंमध्यें भाडीं उतरविण्याची चढाओढ लागली, आणि पूर्वेकडील थंडीला कंटाळलेलीं माणसें संत्र्यांच्या बागांच्या या प्रदेशाकडे लोटलीं. १९०० सालीं शहराची वस्ती १,०२,४७९ होती. १९३० सालीं ती १२,३८,०४८ भरली. तीस वर्षांत बारा पट! आणि एवढीं माणसें न्यूयॉर्कप्रमाणें मजल्यावर मजला चढवून राहिलीं नाहींत. तीं पुढें-मागें बाग असलेल्या स्वतंत्र घरांत राहिलीं. हें ज्याच्यामुळें शक्य झालें तो मनुष्य म्हणजे हेन्री हंटिंग्टन.

हंटिंग्टन यांचे चुलते सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या थोर चालकांपैकीं एक. चुलत्यांच्या मृत्यूनंतर, १९०१ सालीं, पुतण्यानें पॅसिफिक इलेक्ट्रिक नांवाची विजेच्या गाड्यांची कंपनी काढली. ४ जुलै १९०२ रोजीं तिची गाडी सुमारें वीस मैलांवरील समुद्रकांठच्या लाँग बीचपर्यंत धांवली. पाठोपाठ कांहीं नवे रूळ टाकून, कांहीं दुसऱ्यांचे विकत घेऊन, पासाडेना, सांता आना, सांता मोनिका, सॅन बर्नार्डिनो अशा दूरदूरच्या गांवांना तिनें आपल्या जाळ्यांत ओढलें. भरभराटीच्या काळांत तिचे रूळ एक हजार मैलांहून अधिक होते. या गाड्यांचा रंग लाल. शहराच्या पोटांत हिंडणाऱ्या पिंवळ्या ट्राम निराळ्या. त्यांची कंपनीहि हंटिंग्टन यांचीच.

गंमत अशी कीं, प्रवाशांच्या भाड्यावर हंटिंग्टन यांची फारशी भिस्त नव्हती. जिकडे रूळ जावयाचा तिकडची जमीन त्यांनीं किंवा त्यांच्या भागीदारांनीं आधींच घेऊन ठेवलेली असे. रूळ आला कीं माळरानाचे भूखंड पडत आणि चौपट किंमतीनें खपत. नफा जमिनींत, गाडी हें गिऱ्हाइकास तेथवर नेऊन सोडण्याचें साधन. जमिनी विकून झाल्यावर, १९१०-११ च्या सुमारास, लाल गाड्यांचा कारभार सदर्न पॅसिफिकच्या हवालीं करून हंटिंग्टन पुस्तकें व चित्रें जमविण्याकडे वळले. सॅन मरिनो येथील त्यांचें ग्रंथालय आज देशोदेशींच्या विद्वानांचें तीर्थ झालें आहे, आणि त्याबद्दल त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडेच. शहराच्या पदरीं मात्र पडली ती कसाबसा खर्च भागविणारी गाडी, आणि त्या गाडीनें पसरवून ठेवलेली वस्ती.

अशा शहरांत ज्याचें घर रुळापासून मैलभर आंत, त्याला मोटार ही चैन नव्हती. पण मोटारी आणि ट्राम एकाच रस्त्यानें जात आणि एकमेकींचा खोळंबा करीत. १९२० च्या एप्रिल महिन्यांत नगरसभेनें शहराच्या मध्यभागीं दिवसा मोटारी उभ्या करण्यास बंदी केली. ट्रामचा मार्ग मोकळा झाला. पण दुकानदारांचीं गिऱ्हाइकें तुटलीं. क्लॅरा किंबल यंग या त्या वेळच्या प्रसिद्ध नटीला अग्रभागीं ठेवून मोटारींची मिरवणूक निघाली, आणि महिना पुरा होण्यापूर्वींच बंदी सैल करण्यांत आली. या प्रसंगाला इतिहासकार बहुधा चार ओळी देतात. माझ्या मतें तो त्याहून मोठा आहे. रस्ता कोणाचा, या प्रश्नाचा निकाल त्या थोड्या दिवसांत लागून गेला.

दुसरी संधि १९२६ सालीं आली. ट्राम रस्त्यावरच्या गर्दींतून सोडवावयाची तर रूळ भुयारांतून किंवा उंच खांबांवरून न्यावे, असा तज्ज्ञांचा सल्ला होता. रेल्वे कंपन्यांनीं उंच मार्गाची तयारीहि दाखविली. पण शिकागोंतील तशा लोखंडी सांगाड्यांखालच्या अंधाऱ्या रस्त्यांचें चित्र रंगवून लॉस एंजेलिस टाइम्स या पत्रानें विरोध माजविला, आणि मतदारांनीं त्याऐवजीं सर्व रेल्वेंचें मिळून एक मोठें स्टेशन बांधण्याचा कौल दिला. तेंच हें युनियन स्टेशन. इमारत देखणी झाली यांत शंका नाहीं; पण ती उघडली १९३९ सालीं, आणि लगेच ३० डिसेंबर १९४० रोजीं पासाडेनाकडे जाणारा अरोयो सेको हा अखंड मोटारमार्ग खुला झाला. त्यावर चौक नाहीं, फाटक नाहीं, वाटेंत थांबणें नाहीं. असे मार्ग पुढें एकामागून एक झाले, आणि त्यांतील दोन प्रमुख मार्गांची चौमजली गांठ ज्या टेकड्यांच्या पायथ्याशीं पडली, तेथेंच आपलें मैदान व्हावयाचें होतें.

लाल गाड्या एकेक करून बंद पडूं लागल्या. मोटारींच्या कारखानदारांनीं कट करून त्या मारल्या, ही कथा फार लोकप्रिय आहे. तींत तथ्य आहे, पण सांगतात तेवढें नाहीं. जनरल मोटर्स, फायरस्टोन व तेलाच्या कंपन्या यांच्या पैशाचें पाठबळ असलेल्या नॅशनल सिटी लाइन्स या संस्थेच्या हातीं १९४५ सालीं पिंवळ्या ट्राम गेल्या, हें खरें. आणि ताब्यांतील वाहतूक-कंपन्यांना बस, टायर व तेल आपल्याकडूनच घेण्यास लावण्याचा मक्ता या मंडळींनीं संगनमतानें साधला, असें १९४९ सालीं शिकागोच्या न्यायालयांत शाबीत झालें, हेंहि खरें. जनरल मोटर्सला दंड झाला ५,००० डॉलर, आणि तिच्या एका अधिकाऱ्यास एक डॉलर! वर्गांत खिडकीची काच फोडणाऱ्या मुलास मी याहून अधिक शिक्षा करीत असें. परंतु लाल गाड्या या मंडळींच्या ताब्यांत कधींच नव्हत्या. त्या गर्दींत अडकून मंदावल्या होत्या, तोट्यांत होत्या, आणि त्यांचे मार्ग त्यांचे मालकच कमी करीत आले होते. शेवटची लाल गाडी १९६१ च्या एप्रिलमध्यें धांवली, तीहि हंटिंग्टन यांच्या पहिल्या लाँग बीचच्या मार्गावर. पिंवळ्या ट्राम ३१ मार्च १९६३ रोजीं थांबल्या. आपल्या मुंबईची अखेरची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली ती ३१ मार्च १९६४ रोजीं, बरोबर एक वर्षानें. फरक इतकाच कीं, मुंबईस ट्राम गेल्यावरहि लोकलगाड्या होत्या, आणि क्रिकेटचा शौकीन चर्चगेटला उतरून पायींच मैदानांत जाऊं शके. लॉस एंजेलिसमध्यें ट्राम गेली ती रुळांवरून चालणाऱ्या नागरी वाहतुकीचें नांव पुसूनच गेली.

आतां त्या टेकड्यांकडे वळूं. शहराच्या मध्यभागाजवळच चावेझ रव्हीन नांवाची घळ होती. हूलियन चावेझ या एकोणिसाव्या शतकांतील जमीनमालकाचें नांव तिला पडलेलें. ला लोमा, पालो व्हेर्दे आणि बिशप अशा तीन वाड्या तेथें होत्या. राहणारे बहुतेक मेक्सिकन वंशाचे. शहराच्या चांगल्या भागांत अशा लोकांना घर विकावयास मालक तयार नसत. येथें त्यांनीं स्वतःच्या हातांनीं घरें उभीं केलीं, शेळ्या-कोंबड्या पाळल्या, उतारावर भाजी पिकविली. रस्ते पुष्कळसे कच्चे होते. सरकारी दप्तरांत ही ‘गलिच्छ वस्ती’ म्हणून नोंदली होती. राहणाऱ्यांच्या लेखीं तें गांव होतें, त्याला शाळा होती आणि प्रार्थनामंदिर होतें.

जुलै १९५० मध्यें घरोघर एक पत्र आलें. केंद्र सरकारच्या साह्यानें येथें अल्प भाड्याचीं घरें बांधावयाचीं आहेत, तरी आपण आपली जागा विकावी. नव्या घरांवर पहिला हक्क आपला राहील, असा त्याचा आशय. हेतु वाईट नव्हता. रिचर्ड नॉयट्रा व रॉबर्ट अलेक्झांडर या नामांकित वास्तुशास्त्रज्ञांनीं आराखडा केला होता: तेरा मजल्यांचे २४ मनोरे आणि शेजारीं दुमजली चाळी, मिळून तीन हजारांवर बिऱ्हाडें. बहुतेकांनीं हातीं पडेल ती किंमत घेऊन घरें सोडलीं. आणि लोक निघून गेल्यावर योजनाच बारगळली! तो काळ साम्यवादाच्या बागुलबुवाचा होता. सरकारनें घरें बांधणें म्हणजे साम्यवादाला दार उघडणें, असा ओरडा झाला. योजनेचे कळकळीचे पुरस्कर्ते फ्रँक विल्किन्सन यांना १९५२ सालीं न्यायालयांत त्यांच्या राजकीय संबंधांविषयीं विचारण्यांत आलें. त्यांनीं उत्तर देण्याचें नाकारलें, आणि त्यांची नोकरी गेली. १९५३ सालीं नॉरिस पॉलसन हे योजनेस विरोध करूनच महापौर झाले. शहरानें ती जमीन केंद्र सरकारकडून कमी किंमतींत परत घेतली. अट अशी, कीं तिचा विनियोग सार्वजनिक कार्यासाठीं व्हावा.

१९५७ च्या मे महिन्यांत ओ'मॅलींनीं हेलिकॉप्टरमधून शहर पाहिलें. खालीं मोटारमार्ग एकमेकांस मिळत होते, आणि त्यांच्या मध्यें जवळजवळ ओसाड केलेल्या टेकड्या होत्या. ब्रुकलिनमध्यें त्यांना रेल्वेचें शेवटचें स्टेशन हवें होतें. त्याच्या जोडीची जागा त्यांना येथें दिसली. त्यांना आगगाडीचा तिटकारा होता, असें मुळींच नव्हे. प्रेक्षक ज्या वाहनानें येतो त्याच्या नाक्यावर दुकान मांडावें, हा त्यांचा व्यापारी हिशेब दोन्ही ठिकाणीं एकच होता. बदललें होतें तें वाहन.

करार असा ठरला कीं, शहरानें सुमारें ३०० एकर डोंगराळ जमीन द्यावी. ओ'मॅलींनीं शहरांतील आपलें रिग्ली फील्ड हें लहान मैदान मोबदल्यांत द्यावें, आणि टेकडीवर स्वतःच्या पैशानें स्टेडियम बांधावें. हें सार्वजनिक कार्य कसें, असें विचारणारे पुष्कळ निघाले. प्रकरण ३ जून १९५८ रोजीं लोकमताला गेलें. पावणेसात लाखांवर मतें पडलीं, आणि करार सुमारें २५ हजारांच्या आधिक्यानें तरला. न्यूयॉर्कमध्यें ज्या शब्दानें ओ'मॅलींची वाट अडविली, त्याच शब्दाचा अर्थ येथें मतपेटींतून बदलून घेण्यांत आला.

अद्याप थोडीं कुटुंबें जागा सोडीत नव्हतीं. १९५९ च्या मे महिन्यांत शेरीफचे शिपाई आले. अरेचिगा कुटुंबांतील एका बाईला चौघांनीं हातपाय धरून बाहेर उचलून आणलें. तीं छायाचित्रें देशभर गेलीं. घरावर लगेच बुलडोझर फिरला, आणि त्या कुटुंबानें शेजारींच तंबू ठोकून कांहीं दिवस काढले. मग वृत्तपत्रांनीं शोधून काढलें कीं, त्यांच्या मालकीचीं शहरांत आणखीहि घरें आहेत, आणि लोकांची सहानुभूति पाहतां पाहतां आटली. मला त्या शोधाचें महत्त्व वाटत नाहीं. दुसरें घर असलें म्हणून पहिलें हिसकावून घेण्याचा हक्क कोणास येत नाहीं. शिवाय ज्या शेंकडों कुटुंबांना दुसरें घर नव्हतें, तीं तर पत्रांतील वचनावर विश्वासून कित्येक वर्षें आधींच निघून गेलीं होतीं. त्यांच्या जाण्याचा गाजावाजाहि झाला नाहीं.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत खोदाईस आरंभ झाला. सुमारें ८० लाख घनयार्ड माती इकडची तिकडे करण्यांत आली. टेकड्यांचे माथे उतरवून घळी भरल्या. पालो व्हेर्देची शाळा पाडण्याचेहि श्रम घेतले नाहींत. छप्पर काढून ती मातीखालीं पुरली.

दरम्यान चार वर्षें डॉजर्स, जेथें पूर्वीं ऑलिंपिक सामने झाले होते त्या कोलिसियम या अवाढव्य क्रीडागारांत खेळले. १८ एप्रिल १९५८ रोजीं तेथील पहिल्या सामन्यास ७८,६७२ माणसें आली होतीं, आणि १९५९ च्या अजिंक्यपदाच्या एका सामन्यास ९२,७०६. इतक्या दुरून कोण काय करतो हें दिसत नसे. म्हणून लोक खिशांतले रेडिओ बरोबर आणीत आणि समोरचाच सामना व्हिन स्कली यांच्या तोंडून ऐकत. स्कली यांनीं डॉजर्सच्या सामन्यांचें वर्णन १९५० पासून २०१६ पर्यंत, सदुसष्ट मोसम केलें. नभोवाणीच्या श्रोत्यांपुढें बोलतांना त्यांचें नांव घेतल्यावांचून राहवत नाहीं.

१० एप्रिल १९६२ रोजीं डॉजर स्टेडियम उघडलें. बसण्याची सोय ५६ हजारांची. मोटारी उभ्या करण्यास जागा सुमारें १६ हजारांची. एबेट्स फील्डच्या सातशेंशीं हा आंकडा ताडून पाहावा. टेकडीच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनीं वाहनतळ केले होते, अशा हिशेबानें कीं, ज्याची बैठक ज्या मजल्यावर त्यानें मोटार त्याच पातळीवर लावावी आणि जिना न चढतां आंत जावें. योजना कुशल होती यांत वाद नाहीं. प्रेक्षकांसाठीं पिण्याच्या पाण्याच्या तोट्या तेवढ्या बसवावयाच्या राहून गेल्या, आणि तहानलेल्यांना पेयें विकत घ्यावीं लागलीं; ही चूक कीं हिशेब, याविषयीं वर्तमानपत्रांनीं पुष्कळ चर्चा केली.

मोटारीनें खेळ पाहण्याची रीतहि बदलली. ब्रुकलिनचा प्रेक्षक शेवटच्या चेंडूपर्यंत बसे, कारण त्याची गाडी दर पांच-दहा मिनिटांनीं होती. येथील प्रेक्षक उशिरां येतो आणि सामना संपण्यापूर्वींच उठतो, अशी त्याची ख्याति झाली. कारण सोळा हजार मोटारी एकदम निघाल्या तर तासभर जागचें हलतां येत नाहीं. १५ ऑक्टोबर १९८८ च्या रात्रीं अजिंक्यपदाच्या पहिल्या सामन्यांत डॉजर्स एका धांवेनें मागें होते. शेवटच्या डावांत कर्क गिब्सन हा दोन्ही पायांनीं जायबंदी झालेला खेळाडू लंगडत आला, आणि त्यानें चेंडू प्रेक्षकांत टोलवून सामना ५-४ असा जिंकून दिला. त्या टोल्याचें चित्रण आजहि दाखवितात. चेंडू जिकडे पडला त्याच्या मागें, वाहनतळावर, परतीच्या वाटेस लागलेल्या मोटारींचे तांबडे दिवे त्यांत स्पष्ट दिसतात.

ज्यांचीं गांवें त्या पटांगणाखालीं गेलीं त्यांचे जातभाई पुष्कळ वर्षें या मैदानाकडे फारसे फिरकत नसत. १९५९ पासून हाइमे हारीन यांचें स्पॅनिश भाषेंतील वर्णन घरोघर ऐकूं येई, तरी मनांतली अढी राहिलीच. ती पुष्कळशी सैल झाली १९८१ सालीं. मेक्सिकोंतील एका शेतकरी कुटुंबांत जन्मलेला, वीस वर्षांचा फर्नांडो व्हॅलेन्झुएला त्या मोसमांत पहिले आठहि सामने जिंकून गेला, आणि त्याला पाहण्यास मेक्सिकन कुटुंबें आजी-नातवंडांसह टेकडी चढलीं. म्हातारीं माणसें मात्र अमुक बैठकीखालीं आपलें अंगण होतें असें सांगत राहिलीं.

रूळ परत आले ते त्यानंतर. जुलै १९९० मध्यें लॉस एंजेलिस ते लाँग बीच अशी विजेची गाडी सुरू झाली. बऱ्याच अंतरापर्यंत ती हंटिंग्टन यांच्याच जुन्या मार्गानें जाते. १९९३ सालीं भुयारी रेल्वे झाली. पुढें फांटे वाढत गेले, पण टेकडीवर एकहि चढला नाहीं. २०१० पासून सामन्याच्या दिवशीं युनियन स्टेशनावरून तिकीटधारकांसाठीं फुकट बस सुटूं लागली. आरंभीं जिचा उल्लेख केला ती हीच. २०१८ सालीं स्टेशनापासून मैदानापर्यंत तारेवरून पाळणे नेण्याची एक योजना जाहीर झाली, आणि तिच्यावरून पुन्हां वाद माजला. कारण पाळणे ज्यांच्या छपरांवरून जावयाचे, त्यांना तरी कोणी विचारलें होतें काय?

२०२८ चे ऑलिंपिक सामने याच शहरीं भरावयाचे आहेत. बेसबॉल डॉजर स्टेडियमवर व्हावयाचा, आणि आपलें क्रिकेट शहरापासून सुमारें तीस मैल पूर्वेस, पोमोना येथील जत्रेच्या पटांगणावर. पोमोनाला पूर्वीं लाल गाडी जात असे. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यांत लाँग बीचकडून येणारी नवी विजेची गाडी तेथपर्यंत वाढविण्यांत आली असून, वाटेंत त्या पटांगणाचें नांव दिलेलें एक स्टेशनहि आहे. तेव्हां क्रिकेट पाहण्यास जो कोणी मराठी माणूस जाईल, त्याला युनियन स्टेशनावर गाडींत बसून तीस मैलांचा प्रवास रुळांवरून सरळ करतां येईल. बेसबॉलच्या दीड-दोन मैलांसाठीं मात्र त्याला स्टेशनाबाहेर येऊन त्या बसच्या रांगेंत उभें राहावें लागेल.